आम्ही तेरा जणी आहोत

चिक्कडपल्ली, हैदराबाद
९ ऑगस्ट १९९२

अण्णा,

पाया पडते. आधीची पत्रं तुम्ही उघडलीच नाहीत, आणि हिम्मतकाका ती वाचून दाखवायला लागले की उठून शेताकडे निघून जाता, असं कळलं. म्हणून हे पाकीट भामाकाकूंच्या नावानं टाकतेय. त्या तुमच्या उशाशी ठेवतील. पुढचं तुमच्यावर.

आईचे गुडघे दुखतात, बाकी ती बरी आहे. 'मी त्यांच्यावर रागावलेली नाही, असं लिही,' म्हणाली. रागावलेली आहे.

मे महिन्यातल्या त्या दुपारी चूक कोण आणि बरोबर कोण, यावर मला वाद घालायचा नाही. खेळून दमलेली एक पोर आपल्या स्वयंपाकघरात शिरली, माठातलं पाणी प्यायली, आणि तिचं नाव नसीम आहे हे कळल्यावर तुम्ही पिशवी भरून गावाकडची, देगलूरची बस धरलीत. तुमच्या थोरल्या भावाला, नामदेवकाकांना, रझाकारांच्या काळात मारलं, एवढंच मला लहानपणापासून माहीत आहे. कसं, कुठं, ते तुम्ही कधी सांगितलं नाहीत. मी विचारलं नाही. आताही विचारत नाही.

मी हे का करते तेवढं ऐकून घ्या. दोन वर्षांपूर्वीच्या दंगलीनंतर शाळा उघडली तेव्हा आठवीच्या मुली एका बाकावर बसेनात. ह्या गल्लीतल्या खिडकीकडे, त्या गल्लीतल्या भिंतीकडे. मी पडले खेळाची बाई. मला धडा शिकवायचा नव्हता. मी त्यांना मैदानावर नेलं आणि खो-खोला एकीआड एक बसवलं. खो-खोत समोरच्या पाठीला हात लावून 'खो' म्हटल्याशिवाय खेळ पुढे सरकतच नाही. पहिल्या दिवशी कोणी कोणाच्या पाठीला हात लावायला तयार होईना. आज बाराजणींचा संघ आहे. चौघी मुसलमान, दोघी आपल्या मराठी, बाकीच्या तेलुगू. नसीम सगळ्यांत चपळ. सिकंदराबादला रेल्वेत खेळाडूंना नोकरी मिळते, हे मी तिच्या घरी सांगितल्यापासून तिचं लग्न लांबणीवर पडलंय.

आता जे लिहायचं नव्हतं ते. गेल्या आठवड्यात मैदानावरचे दोन्ही खांब कोणीतरी करवतीनं कापले आणि आपल्या फाटकाशी आणून ठेवले. टाकले नाहीत, ठेवले. अगदी नीट, शेजारी शेजारी. आईला मी सांगितलं, वाळवी लागली होती. काल बाजारात एक माणूस स्कूटर थांबवून हसत हसत म्हणाला, "टीचरम्मा, पोरींना आपापल्या गल्लीत खेळू द्या ना." कुठल्या बाजूचा होता, कळलं नाही. दोन्हीकडचे सारखंच बोलतात. मी भाजी न घेताच घरी आले आणि दाराला कडी लावून बसले. तुम्ही ओसरीवर पेपर वाचत बसलेले असायचात, तेव्हा मला दिवसाढवळ्या कडी लावायचं कधी सुचलं नव्हतं.

तुमची
त्रिवेणी


चिक्कडपल्ली
१५ नोव्हेंबर १९९२

अण्णा,

भामाकाकूंचं कार्ड आलं. तुम्ही पत्र वाचलंत, असं त्या लिहितात. काही बोलला नाहीत, असंही लिहितात. चालेल.

नवे खांब बसले. भाग्यलक्ष्मी आमची कप्तान आहे, तिच्या काकांची लाकडाची वखार आहे. काकांनी खांब दिले आणि वर पुतणीला बजावलं, 'त्या पोरींबरोबर जेवायचं नाही.' ती काकांना हो म्हणते आणि डबा नेमका त्या चौघींच्या मधे बसून खाते.

डिसेंबरच्या पहिल्या शनिवारपासून तीन दिवस निजामाबादला सामने आहेत. बोलावणं आलंय. मी घरोघर फिरून परवानगी मागितली. आठ-दहा घरी सहज मिळाली, एक-दोन ठिकाणी रडारड झाली. नसीमच्या घरी मला सगळ्यांत जास्त वेळ बसवून ठेवलं. तिचे अब्बा पंक्चर काढतात, ते दारात ट्यूब घासत राहिले. अम्मी चहा पुढे ठेवून म्हणाली, "बाई, मैं बच्ची कू मैदान कू नै दे रई. आपके हाथ में दे रई. समझे ना?"

मी म्हटलं, "हौ."

तेव्हापासून मला नीट झोप नाही.

इथली हवा बरी नाही, अण्णा. गच्चीगच्चीवरून केबलच्या तारा गेल्यात, घरोघरी परदेशी चॅनल दिसायला लागलेत, कुकटपल्लीकडे जावं तर दर महिन्याला नवी इमारत उभी. जो तो म्हणतो, देश उघडला. आणि आमच्या शाळेमागच्या गल्लीच्या तोंडाला लोखंडी फाटक बसलंय. दिवेलागणीला बंद होतं. पलीकडच्या गल्लीनंही मग आपलं एक बसवून घेतलं. पानाच्या टपरीवर भाषणांच्या कॅसेटी लागतात, मुली तिथून जाताना पळतात.

जाऊ नको, असं आईसुद्धा म्हणते. मी तिला म्हटलं, काही होत नाही. तुम्ही इथं असतात तर तुम्हीही नकोच म्हणाला असतात आणि मला भांडायला कोणीतरी मिळालं असतं. भांडताना भीती वाटत नाही.

त्रिवेणी


निजामाबाद
६ डिसेंबर १९९२, दुपारी

अण्णा,

उपांत्य सामना जिंकलो! शेवटच्या पाळीत आमची एकटी नसीम उरली होती. समोरच्या संघाची उंच मुलगी खांबावरून सूर मारून तिच्या अंगावर आली. नसीम अशी काही वळली की त्या मुलीचे हात नुसते मातीवर आपटले. शिट्टी वाजली तेव्हा भाग्यलक्ष्मीनं नसीमला उचलून घेतलं आणि दोघी धाडकन पडल्या. मी एवढी ओरडले की माझा आवाज बसलाय.

अंतिम सामना उद्या सकाळी. एका शाळेच्या वर्गात आमची उतरायची सोय केलीय, तिथं बाक बाजूला सारून मुलींनी सतरंज्या टाकल्यात. गाणी चाललीत. देगलूर इथून जवळच. जिंकलो तर ढाल घेऊन तुमच्या दारात यावं, असं एक वेडं मनात आलं. पत्र उद्या निकाल लिहून पेटीत टाकीन.


त्याच कागदावर, ७ डिसेंबर, सकाळी

सामना रद्द झाला. काल संध्याकाळी रेडिओवर अयोध्येची बातमी आली, ती तुम्हीही ऐकली असेल. रात्रीतून संयोजक निघून गेले. हैदराबादेत कर्फ्यू आहे, गाड्या बंद आहेत, कोणाचा फोन लागत नाही. रस्त्यावरून घोषणा जातात. एकदा या बाजूच्या, मग थोडा वेळ शांत, मग त्या बाजूच्या. शांततेची मला जास्त भीती वाटते.

शाळेचा पहारेकरी भला माणूस आहे, पण तोही हात जोडून म्हणतो, दुपारपर्यंत वर्ग सोडा, इथं मुसलमान पोरी आहेत हे चौकात सगळ्यांना कळलंय. त्यांना घेऊन त्यांच्या वस्तीत जावं, तर माझ्या बाकीच्या आठजणींचं काय? एकानं सल्ला दिला, "दो हिस्से कर लो बाई, आसान पड़ता." मी नाही म्हटलं. म्हटलं खरं, आणि मग आत जाऊन मुली पुन्हा मोजल्या.

संघाच्या बनियनवर मागे प्रत्येकीचं नाव शिवलेलं आहे. सकाळपासून मुली भिंतीला टेकून ब्लेडनं ती नावं उसवतायत. कोणी कोणाला सांगितलं नाही. भाग्यलक्ष्मीनं आपलं आधी उसवलं.

हा कागद सरकीच्या ट्रकच्या ड्रायव्हरजवळ देतेय, तो देगलूरला निघालाय. हिम्मतकाकांची मॅटॅडोर आहे. अण्णा, आम्ही तेरा जणी आहोत. मी गाडी मागतेय ती तेराही जणींसाठी. त्या चौघींना घेणार नसाल तर गाडी पाठवू नका. हे मी खोडणार नाही.

मी फार घाबरलेय.

त्रिवेणी


देगलूर
१० डिसेंबर १९९२

आई,

आधी एवढं वाच, मग चष्मा पूस: आम्ही सगळ्या जिवंत आहोत, धड आहोत, देगलूरला आहोत. टपाल सुरू झालं की हे तुला मिळेल. बाराही घरी निरोप पोचायला हवा, पण कर्फ्यू उठल्याशिवाय तू पाऊल बाहेर टाकू नको.

गाडी घेऊन अण्णा स्वतः आले.

सोमवारी दुपार उलटत असताना मॅटॅडोर शाळेच्या मागच्या दाराशी लागली. हिम्मतकाका चालवत होते, शेजारी धोतर-टोपीतले अण्णा. मे महिन्यानंतर मी त्यांना पहिल्यांदाच बघत होते. वाळलेत. खाली उतरून त्यांनी मुली मोजल्या. कोण कोणती, ते विचारलं नाही. "बसा," एवढंच म्हणाले.

मी हळूच म्हटलं, "अण्णा, वाटेत कोणी नावं विचारली तर मी..."

"बस म्हटलं ना."

बोधन मागे पडलं. त्याच्या बऱ्याच पुढे एका फाट्यावर रस्त्यात ओंडका आडवा टाकला होता. पंधरा-वीस माणसं होती, काठ्या घेतलेली, एकाच्या हातात कोयता. आपल्यासारखीच माणसं, आई. आपल्याच बोलीत बोलणारी. मुली सीटच्या खाली वाकल्या.

"गाडीत कोण हाय?"

"पोरी आहेत. खेळायला गेल्या होत्या," अण्णा म्हणाले.

"त्यांच्यातली हाय का कोणी?"

मी मनाशी नावं ठरवूनच ठेवली होती. नसीमची नीलिमा केली होती. अण्णा 'नाही' म्हणतील, कोणी आत डोकावलं तर मी ती नावं सांगेन, असा माझा हिशेब.

अण्णा म्हणाले, "आहेत. चौघी आहेत."

आई, मला वाटलं, अण्णांनी त्यांना देऊन टाकलं. खोटं कशाला सांगू, तसंच वाटलं. नसीमला मराठी फार येत नाही, पण 'चौघी' हा शब्द तिला कळला. तिनं माझ्या दंडात नखं रुतवली. भाग्यलक्ष्मी तिच्या अंगावर आडवी पडली होती. मागचं दार उघडून पळावं तर दोन्हीकडे उघडी रानं.

अण्णा दार उघडून खाली उतरले.

"चौघी आहेत," ते पुन्हा म्हणाले. "ज्याला न्यायच्यात त्यानं पुढं यावं. मला त्याचं तोंड बघू द्या."

कोणी हललं नाही.

"अकरा वर्षांचा होतो मी," अण्णा म्हणाले. त्यांचा आवाज इतका बारीक झाला होता की ती माणसं ऐकायला जवळ सरकली. "बैलगाडीत कडब्याखाली होतो. थोरला भाऊ गाडी हाकत होता. अशाच फाट्यावर, अशाच माणसांनी विचारलं, कोणाचा तू? त्याला खाली ओढलं. मी कडब्यातून बघत होतो. ओरडलो नाही. त्या माणसांची नावं मला माहीत नाहीत. तोंडं रोज दिसतात. जेवताना दिसतात. आता तुमची बघून ठेवतो. आत बाराजणी आहेत, त्याही बघतायत."

कोयतेवाला पोरगा विशीचासुद्धा नसेल. तो म्हणाला, "म्हाताऱ्या, तुझ्या भावाला त्यांनीच मारलं ना? मग?"

"म्हणून तर खाली उतरलो," अण्णा म्हणाले.

किती वेळ गेला, मला माहीत नाही. त्यांच्यातला एक पटकेवाला म्हातारा शिव्या देत पुढे आला. कोणाला देत होता, तेही कळेना. त्यानं ओंडक्याचं एक टोक उचललं. "सरा रे. पोरी हायेत." दोघा-तिघांनी त्याला ढकललं, तेवढ्यात दुसऱ्या कोणी ओंडका बाजूला केला. अण्णा आत चढले. हिम्मतकाकांनी गाडी दामटली आणि मागच्या पत्र्यावर दगड आदळला. मुली एकदम किंचाळल्या. तोवर एकीनंही हूं की चूं केलं नव्हतं.

हे फक्त तुला लिहिते. अण्णांचं धोतर भिजलं होतं. त्यांना दार लावता येईना, काकांनी हात लांब करून लावलं. देगलूर येईपर्यंत त्यांचे दात वाजत होते. धीट माणसं कशी असतात ते मला ठाऊक नाही. इतका घाबरलेला माणूस मी उभ्या जन्मात पाहिला नाही, आणि तो खाली उतरला होता.

इथं भामाकाकूंनी कापसाची खोली रिकामी करून दिलीय. शेजारणी विचारतात, त्या सांगतात, त्रिवेणीच्या शाळेच्या पोरी. अण्णा दिवसभर उंबऱ्यावर बसून असतात. मी त्यांना हाक मारते ती ऐकून सगळ्याच मुली त्यांना अण्णा म्हणायला लागल्यात. त्यांच्या तेलुगूत अण्णा म्हणजे थोरला भाऊ. हे भाग्यलक्ष्मीनं त्यांना सांगितलं, तेव्हा ते उठून गोठ्याकडे गेले आणि बराच वेळ आले नाहीत.

काल मुली खोलीत बसून बसून रडायला लागल्या. मी त्यांना मागच्या अंगणात खो-खोला बसवलं. ओरडायची सोय नाही, म्हणून 'खो' पुटपुटत, नुसता पाठीवर हात ठेवून खेळत होत्या. बाराजणी पळतायत आणि आवाज फक्त पायांचा. अण्णा दारातून बघत होते. मला वाटलं, थांबवतील.

"आवाज नको," म्हणाले. "पण थांबू नका."

गुडघ्यांना तेल लाव. आम्ही येतोच.

तुझी
त्रिवेणी


चिक्कडपल्ली
१७ जानेवारी १९९३

अण्णा,

तुम्ही आम्हाला सिकंदराबादला सोडून त्याच पावली देगलूरला परतलात. आईनं तुमच्यासाठी पुरण घातलं होतं. ते असो.

मुली आपापल्या घरी पोचल्या. नसीमला सोडायला मी गेले तेव्हा तिच्या अम्मीनं तिचा चेहरा हातात धरला, मग दोन्ही दंड चाचपले, पाठ चाचपली, आणि दार लावून घेतलं. मी गल्लीतून परत येताना मला कोणीतरी हाक मारतंय असं वाटत होतं. मागे वळून बघायचं धाडस झालं नाही.

त्यानंतर मैदान महिनाभर ओस होतं. मुख्याध्यापिका म्हणाल्या, हा नाद सोडा. दोघींच्या घरच्यांनी संघातून नाव काढलं. एकीचं कुटुंब गल्ली सोडून नदीपलीकडे राहायला गेलं, पत्तासुद्धा सांगितला नाही. मला दुपारी वर्गात बाक पडला तरी दचकायला होतं. खरं सांगू? मलाही वाटलं, संपलं तर बरं. कोणाची मुलगी माझ्या हातात नको.

आज सकाळी तरी गेले. मुली आल्या तर बघू, नाही तर परत येऊ. भाग्यलक्ष्मी आधीच येऊन चुन्याच्या रेषा आखत होती. काकांनी बंदी घातलीय, ती देवळात जाते सांगून आली होती. मग एकेक करून सातजणी जमल्या. सातजणींत खो-खो होत नाही. आम्ही नुसत्या पळत होतो.

तेवढ्यात फाटकातून नसीम आली. मागे तिची अम्मी. अम्मी मैदानाच्या कडेला विटांच्या ढिगावर बसली आणि सराव संपेपर्यंत जागची उठली नाही. नसीमवरून नजर काढली नाही. संपल्यावर माझ्याजवळ आली.

"अगला मैच किधर है, बाई?"

मी म्हटलं, "वरंगळ को है, फरवरी में. मगर मैं नहीं ले जाती."

"कैकू?"

"डर लगता."

"मेरे कू भी लगता," ती म्हणाली. "बहुत लगता. मैं भी आती साथ में." मग थोडं थांबून म्हणाली, "वो बुड्ढे अब्बा आते क्या? बच्ची बोली, वो नीचे उतरे थे."

मी तिला सांगितलं, विचारते.

म्हणून विचारतेय, अण्णा. घरी परत या, असं मी म्हणत नाही. ते तुमचं आणि आईचं. वरंगळला आमच्याबरोबर याल का, एवढंच. मला एकटीनं त्यांना न्यायचं बळ नाही.

त्रिवेणी


देगलूर
२५ जानेवारी १९९३

त्रिवेणी,

पत्र मिळालं. मलाही भीती वाटते. दुपारी कोणी फाटक वाजवलं तरी उठून उभा राहतो. हिम्मतराव म्हणतात डॉक्टरला दाखवा. डॉक्टर त्यावर काय देणार?

गुरुवारच्या बसनं येतो. तुझ्या आईला सांग.

वरंगळला आगगाडीनं जायचं. बसला वाटेत कोणीही थांबवतं. डब्यात मुलींना मधल्या बाजूला बसव. खिडक्यांशी मी, तू आणि त्या मुलीची आई बसू.

अण्णा